पट्टीखालची ओळ : एका प्रतीचं प्रकरण

“बाबा म्हणायचे, ही पहिली आवृत्ती आहे. ते खरं का, एवढंच सांगा सर.”

पुस्तक टेबलावर ठेवून त्या बाई समोर बसल्या. त्यांचे वडील तत्त्वज्ञान शिकवायचे. ते गेल्यानंतर त्यांचा संग्रह एका संस्थेला द्यायचं घरात ठरलं होतं. देणगीच्या अर्जात प्रत्येक पुस्तकापुढे ‘आवृत्ती’ असा रकाना होता. बाकीचे रकाने त्यांनी स्वतःच भरले होते आणि या एकाच पुस्तकापाशी त्या अडल्या होत्या. जुन्या पुस्तकांच्या नोंदी करणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे पाच मिनिटांत उत्तर देता येईल असं मला वाटलं. प्रत्यक्षात तीन बैठका लागल्या. त्या कशासाठी लागल्या ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण विद्यापीठ प्रकाशनांच्या पुस्तकांबाबत नेहमी होणारे जवळजवळ सगळे घोटाळे या एका प्रतीत एकत्र आले होते.

पुस्तक होतं विज्ञानाचे इतिहासकार थॉमस कून यांचं ‘द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रेव्होल्युशन्स’, शिकागो विद्यापीठ प्रकाशनाचं. ‘पॅराडाइम’ (विचारांची चौकट) हा शब्द विज्ञानाच्या इतिहासातून उचलून सगळ्या जगाच्या तोंडी बसवणारं हे पुस्तक पहिल्यांदा १९६२ मध्ये निघालं.

प्रत मूळ बांधणीत नव्हती. कधीकाळी ती एका ग्रंथालयाची होती आणि ग्रंथालयाने ती जाड पुठ्ठा आणि गडद हिरव्या कापडात पुन्हा बांधून घेतली होती. कण्यावर सोनेरी ठशात फक्त लेखकाचं आडनाव आणि वर्गांक. जॅकेट नाही, मूळ कापड नाही, सुरुवातीची आणि शेवटची कोरी पानंही नवीन. बांधणाराने कडा छाटल्या होत्या, त्यामुळे वरचा समास खालच्याच्या निम्माच उरला होता. शीर्षकपानावर ‘बाद’ असा जांभळा शिक्का. ग्रंथालयाने काढून टाकलेल्या पुस्तकांच्या ढिगातून वडिलांनी ती उचलली होती, असं बाईंनी सांगितलं.

खरी अडचण शीर्षकपानाच्या मागे होती. प्रकाशनाचा तपशील जिथे छापलेला असतो, नेमक्या त्याच जागी ग्रंथालयाने आपली छापील नोंदपट्टी चिकटवली होती. पट्टीवर दाखल क्रमांक, वर्गांक आणि ऑगस्ट १९६८ चा तारखेचा शिक्का. पट्टीच्या वर प्रकाशनसंस्थेचं नाव तेवढं दिसत होतं, खालचं सगळं झाकलेलं. म्हणजे ज्या चार ओळींवरून माणूस एरवी अर्ध्या मिनिटात निर्णय देतो, त्या चार ओळीच आमच्याकडे नव्हत्या.

प्रश्न एक नव्हे, दोन

पुढे जाण्याआधी एक गोष्ट बाईंना समजावून द्यावी लागली आणि ती इथेही सांगायला हवी. मराठीत आपण ‘आवृत्ती’ हा शब्द फार सैल वापरतो. त्याच मजकुराचे तेच फर्मे (एकत्र छापलेल्या पानांचे गट) पुन्हा छापले तरी दुसरी आवृत्ती, आणि लेखकाने चार प्रकरणं नव्याने लिहिली तरी दुसरी आवृत्ती. विद्यापीठ प्रकाशनांची पुस्तकं पाहताना हे दोन अर्थ वेगळे ठेवावेच लागतात. मजकूर बदलला की नवी आवृत्ती. मजकूर तोच ठेवून पुन्हा छापलं की नवं मुद्रण. शिकागोच्या त्या काळच्या पुस्तकांत अशा पुनर्मुद्रणाला ‘इम्प्रेशन’ म्हटलेलं असतं. संग्राहक नुसतं ‘पहिली आवृत्ती’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात पहिल्या आवृत्तीचं पहिलं मुद्रण असतं. अभ्यासक तोच शब्द वापरतो तेव्हा त्याला बहुधा पहिला मजकूर हवा असतो, मुद्रण कितवं याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. बाईंच्या वडिलांनी कोणत्या अर्थाने म्हटलं होतं, हे आता त्यांना विचारता येणार नव्हतं. म्हणून दोन्ही प्रश्नांची उत्तरं स्वतंत्रपणे काढायची असं ठरलं.

हा फरक कादंबऱ्यांच्या प्रकाशकांपेक्षा विद्यापीठ प्रकाशनांच्या बाबतीत जास्त महत्त्वाचा ठरतो. या संस्थांची पहिली छपाई सहसा लहान असते. ग्रंथालयं आणि त्या विषयातली जाणकार मंडळी घेतील, एवढाच अंदाज. पण पुस्तक चाललं तर ते वीस-तीस वर्षं पुन्हापुन्हा छापलं जातं आणि स्वामित्वहक्काचं साल मात्र पहिलंच राहतं. लुइझियाना स्टेट विद्यापीठ प्रकाशनाने १९८० मध्ये जॉन केनेडी टूल यांची कादंबरी काढली तेव्हा पहिली छपाई २५०० प्रतींची होती. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं आणि छपाया वाढत गेल्या. अशा पुस्तकाच्या बहुतेक प्रती नंतरच्या असणार हे उघड आहे, पण त्यांवर १९८० हे साल असतंच. नुसतं साल पाहून ‘पहिली’ लिहिणाऱ्या विक्रेत्यांच्या याद्या मी कितीतरी पाहिल्या आहेत. त्यातला एखादा मुद्दाम फसवत असेलही. बहुतेकांना हा फरकच माहीत नसतो.

दुसरा घोटाळा गावाचा. विद्यापीठ प्रकाशनाची प्रत सगळ्यात जुनी असेलच असं नाही. अर्थतज्ज्ञ हायेक यांचं ‘द रोड टू सर्फडम’ शिकागोने सप्टेंबर १९४४ मध्ये काढलं, पण त्याआधी मार्चमध्येच ते लंडनला राउटलेजने काढलं होतं. शिकागोची प्रत ही अमेरिकेतली पहिली, पुस्तकाची पहिली नव्हे. कून यांच्या पुस्तकाबाबत हा प्रश्न नव्हता. तिथे गुंता वेगळा होता, आणि मी सुरुवातीलाच त्यात अडकलो.

तळाची ओळ

पहिल्या बैठकीत पुस्तक चाळताना उजव्या पानांच्या तळाशी, पृष्ठांकाशेजारी, बारीक टाइपात ‘खंड २, क्रमांक २’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली. पाहताक्षणी छातीत धडधडलं. कून यांचा हा मजकूर मुळात एका ज्ञानकोशासाठी लिहिलेला होता. ओटो नॉयराट, रुडॉल्फ कार्नाप आणि चार्ल्स मॉरिस यांनी १९३८ मध्ये सुरू केलेल्या ‘इंटरनॅशनल एन्सायक्लोपीडिया ऑफ युनिफाइड सायन्स’च्या दुसऱ्या खंडाचा हा दुसरा अंक. त्या कोशात जागा मोजकी असल्यामुळे आपलं म्हणणं फार आटोपशीर करून मांडावं लागलं, असं कून प्रस्तावनेतच सांगतात. कोशाचा भाग म्हणूनही हा मजकूर निघाला आणि स्वतंत्र पुस्तक म्हणूनही. तळाला कोशाचा क्रमांक आहे, मूळ बांधणी नाही, तेव्हा ही कोशाच्या मालिकेतलीच प्रत असणार, असा तर्क मी केला आणि वहीत तसं लिहूनही टाकलं.

घरी जाऊन माझ्याच कपाटातली प्रत काढली. १९७० च्या दुसऱ्या आवृत्तीची, कागदी बांधणीची, विद्यार्थिदशेतल्या रेघोट्यांनी भरलेली. तिच्याही उजव्या पानांच्या तळाशी तीच ओळ. खंड २, क्रमांक २. मालिकेची आणि संपादकांची नावं सुरुवातीच्या पानांवर तशीच. म्हणजे ही खूण आठ वर्षांनंतरच्या, वाढवलेल्या, वेगळ्या बांधणीच्या पुस्तकातही जशीच्या तशी होती. तिच्यावरून ना कोश सिद्ध होत होता, ना पहिली आवृत्ती. वहीतली नोंद मी खोडली, पण पान फाडलं नाही. कुठे चुकलो ते नोंदीत राहिलेलं बरं असतं.

प्रस्तावनेखालच्या तारखेचंही तेच. ‘बर्कली, फेब्रुवारी १९६२’ ही ओळ पाहून बाईंना आनंद झाला होता. पण प्रस्तावना पुढच्या आवृत्त्यांतही तशीच छापली गेली, तिच्या तारखेसकट. लेखकाने प्रस्तावना कधी लिहिली एवढंच त्या तारखेवरून कळतं.

मजकुराकडे

दुसऱ्या बैठकीत झाकलेलं पान बाजूला ठेवलं आणि पुस्तकालाच विचारायचं ठरवलं. विद्यापीठ प्रकाशनांच्या पुस्तकांचा हा मोठा आधार असतो. विद्वान लेखक दुसऱ्या आवृत्तीत काय बदललं ते बहुधा लिहून ठेवतो. रिचर्ड डॉकिन्स यांच्या ‘द सेल्फिश जीन’ची ऑक्सफर्डची १९७६ ची आवृत्ती आणि १९८९ ची आवृत्ती ओळखायला प्रकरणं मोजली तरी पुरतं, १९८९ मध्ये शेवटी दोन नवी प्रकरणं आली.

कून यांच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी पाहिलं. आमच्या प्रतीत मजकूर पान १७२ वर संपत होता. माझ्या दुसऱ्या आवृत्तीत मूळ मजकूर १७३ वर संपतो, १७४ पासून ‘पोस्टस्क्रिप्ट’ म्हणजे १९६९ ची उत्तरटीप सुरू होते आणि पुस्तक २१० पर्यंत जातं. १९७० च्या शीर्षकपानावर ‘दुसरी आवृत्ती, विस्तारित’ असंही स्पष्ट छापलेलं आहे. आमच्या शीर्षकपानावर तसं काही नव्हतं. शब्दसूची नव्हती, पण त्याचा उपयोग नाही, कारण सूची या पुस्तकाला १९९६ च्या तिसऱ्या आवृत्तीत मिळाली. सूची नाही एवढ्यावरून प्रत १९९६ च्या आधीची ठरते, बास.

उत्तरटीप नाही म्हणजे काम झालं, असं कुणी म्हणेल. मला ते पुरेसं वाटत नव्हतं. प्रत नव्याने बांधलेली होती. बांधताना शेवटचे फर्मे गळाले असतील तर? हरवलेल्या पानांची दुसरी आवृत्ती पहिलीसारखी दिसू शकते. पान १७२ चा पुरावा बऱ्यापैकी बोलका होता, तरी संपूर्णपणे वेगळा असा एक साक्षीदार हवा होता.

तो कून यांनीच दिला. उत्तरटिपेच्या सुरुवातीलाच एका तळटिपेत ते सांगतात की पुस्तक नव्याने लिहायचा प्रयत्न आपण केलेला नाही. काही मुद्रणदोष दुरुस्त केले आणि फक्त दोन ठिकाणच्या चुका सुधारल्या. एक, अठराव्या शतकातल्या यामिकीच्या (मेकॅनिक्सच्या) वाढीत न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’ची भूमिका, पानं ३० ते ३३. दुसरी, विज्ञानातल्या अरिष्टाला मिळणाऱ्या प्रतिसादाविषयी, पान ८४. लेखकाने स्वतः कबूल केलेले दोनच बदल, तेही पृष्ठांकासह. प्रती ओळखणाऱ्याला याहून चांगला पुरावा सहसा मिळत नाही.

दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. बाई माझ्या प्रतीतून मोठ्याने वाचत होत्या आणि मी त्यांच्या प्रतीतल्या ओळीवर बोट ठेवून पुढे सरकत होतो. पान २९ पर्यंत शब्दाला शब्द जुळत गेला. न्यूटनचा विषय सुरू झाला आणि बोट थांबलं. त्या वाचत होत्या ते वाक्य माझ्या समोर नव्हतं. पुन्हा मागे गेलो, पुन्हा वाचलं. मजकूर खरोखरच वेगळा होता. पान ८४ पाशीही तेच झालं. त्या क्षणी बाई वाचायच्या थांबल्या, म्हणाल्या, “म्हणजे बाबांकडे होतं ते सुधारणेच्या आधीचं.” बरोबर तेच होतं. शेवटचे फर्मे गळाले असते तरी ३० ते ३३ ही पानं पुस्तकाच्या पोटात होती, ती जुन्या मजकुराची होती. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं : आवृत्ती पहिली.

पट्टीखाली

दुसरा प्रश्न मुद्रणाचा. १९६२ ते १९७० या काळात हाच मजकूर पुन्हा छापला गेला होता. १९६४ मध्ये शिकागोने तो आपल्या फीनिक्स या कागदी बांधणीच्या मालिकेतही आणला. तिथे ‘पहिली फीनिक्स आवृत्ती’ अशी ओळ पाहून गफलत होते, कारण ती ‘पहिली’ फक्त त्या मालिकेपुरती असते.

अलीकडच्या पुस्तकांत मुद्रण ओळखायला आकड्यांची ओळ असते. त्यातला सगळ्यात लहान आकडा म्हणजे मुद्रणाचा क्रमांक. दर वेळी छापताना आधीचा आकडा काढून टाकतात. शिकागो विद्यापीठ प्रकाशन पुढे एकाच ओळीत दोन गट देऊ लागलं, एका बाजूला सालांचे शेवटचे दोन आकडे आणि दुसऱ्या बाजूला मुद्रणाचे, म्हणजे कितवं मुद्रण कोणत्या साली हे दोन्ही कळतं. ऑक्सफर्डच्या पुस्तकांत ‘१ ३ ५ ७ ९ १० ८ ६ ४ २’ अशी ओळ दिसते. विषम आकडे डावीकडून चढत जातात, सम उजवीकडे उतरतात, त्यामुळे एकेक आकडा खोडला तरी ओळ मधोमध राहते. नवख्याला वाटतं आकड्यांची सरमिसळ झाली आहे. पण १९६२ च्या पुस्तकात यातलं काहीच नसतं. त्या काळी शिकागोची पद्धत साधी होती. पहिल्या मुद्रणात ‘पब्लिश्ड’ आणि साल. पुन्हा छापलं की त्याच ओळीला जोडून कितवं इम्प्रेशन आणि त्याचं साल. म्हणजे पट्टीखाली ‘पब्लिश्ड १९६२’ नंतर काही आहे का, एवढंच पाहायचं होतं.

पट्टी ओलवून काढता आली असती. बाईंची तयारीही होती. मी नको म्हटलं. जुन्या खळीची पट्टी ओल लागली की सुटेल, पण तिच्यासोबत खालच्या शाईचा पापुद्रा येईल की नाही हे कुणी सांगू शकत नाही. शिवाय ती पट्टी स्वतः पुरावा आहे. तिच्यावरच्या ऑगस्ट १९६८ च्या शिक्क्यामुळेच ही प्रत त्या तारखेआधी छापली गेली हे आपल्याला ठामपणे म्हणता येतं. ती उखडून मिळवायचं ते उजेडाने मिळत असेल तर उखडू नये.

म्हणून तिसऱ्या बैठकीला पातळ प्रकाशपाटी आणली, चित्रं गिरवायला वापरतात तशी. पाटी शीर्षकपानाच्या पाठीशी सरकवली आणि खोलीतला दिवा मालवला. पहिल्यांदा काहीच उमगेना. एकाच वेळी तीन छपाया दिसत होत्या : पट्टीवरची ग्रंथालयाची अक्षरं, शीर्षकपानावरचं उलट दिसणारं मोठं शीर्षक आणि या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आपल्याला हवं ते. शीर्षकाच्या जागी काळा कागद लावून उजेड अडवला, पट्टीच्या खालच्या कडेपाशी फक्त बोटभर फट ठेवली. मग अक्षरं वर आली. ‘पब्लिश्ड १९६२’. त्याच्या पुढे आणखी शब्द होते. ‘इम्प्रेशन’ हा शब्द अर्ध्याहून जास्त स्पष्ट वाचता आला. त्याच्या आधीचा क्रमवाचक शब्द दाखल क्रमांकाच्या शाईखाली आला होता, पण त्याची शेवटची दोन अक्षरं शाईच्या कडेबाहेर डोकावत होती : टी आणि एच.

ती दोन अक्षरं पुरेशी होती. इंग्रजीत पहिला, दुसरा, तिसरा हे क्रमवाचक शब्द टी-एचने संपत नाहीत. चौथ्यापासून पुढे ते तसे संपू लागतात. म्हणजे हे मुद्रण चौथं किंवा त्यानंतरचं. इम्प्रेशनचं साल पट्टीवरच्या शिक्क्याखाली पूर्ण बुडालं होतं, ते मी ओढूनताणून वाचलं नाही. वरची मर्यादा ऑगस्ट १९६८ ने आखून दिलीच होती.

आणखी दोन गोष्टी तपासल्या, उलट पुरावा निघतो का हे पाहायला. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, प्रतीत कुठेही नव्हता, आणि तो नसणं जुळणारं होतं. ही क्रमांकपद्धती १९७० च्या सुमारास रुळली, तेव्हा तो आढळला असता तर सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागला असता. अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या ग्रंथालयाचा कार्ड क्रमांक पट्टीखाली अर्धवट दिसला. त्याचे पहिले दोन आकडे सालाचे असतात, पण तो क्रमांक पुनर्मुद्रणातही बदलत नाही, म्हणून त्याला या नोंदीत वजन दिलं नाही.

बाईंना निकाल सांगताना माझा आवाज जरा खाली गेला असावा. वडिलांचं म्हणणं अर्धंच खरं ठरलं, असं त्यांना वाटेल अशी मला धास्ती होती. त्या शांतपणे म्हणाल्या, “बाबा कधी कितव्या छपाईबद्दल बोलले नाहीत. ते नेहमी म्हणायचे, कूनने नंतर सांभाळून घेतलं, मुळात काय म्हणाला ते यात आहे.” मग त्यांनी पान ३१ उघडून दाखवलं. समासात पेन्सिलीची एक बारीक उभी रेघ होती. दोन बैठका ती माझ्या डोळ्यांसमोर होती आणि ग्रंथालयाच्या कुणा वाचकाची असेल म्हणून मी सोडून दिली होती. ती बाईंच्या वडिलांची होती. सुधारणा नेमकी कुठे झाली आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ढिगातून हीच प्रत का उचलली तेही मग कळलं.

मी लिहून दिलेली नोंद अशी : ‘पहिली आवृत्ती, शिकागो विद्यापीठ प्रकाशन, १९६२, चौथं किंवा नंतरचं मुद्रण, ऑगस्ट १९६८ पूर्वीचं. मजकूर १७२ पानं, उत्तरटिपेविना. पानं ३० ते ३३ व ८४ वरचा मजकूर १९७० च्या दुरुस्तीपूर्वीचा. ग्रंथालयीन बांधणी, कडा छाटलेल्या, मूळ कापड व जॅकेट नाही. शीर्षकपानामागे नोंदपट्टी, ती काढू नये. पान ३१ वर दात्याच्या वडिलांची पेन्सिलखूण.’

अर्जाच्या रकान्यात एवढं मावत नव्हतं. बाईंनी तिथे ‘सोबतची चिठ्ठी पाहा’ असं लिहिलं, चिठ्ठीला प्रकाशपाटीवर काढलेला फोटो जोडला आणि दोन्ही पुस्तकात ठेवलं, पान ३० आणि ३१ च्या मध्ये.